शिकाऱ्यांचा शिष्टाचार आणि सलीम अली

कार्तिक वद्य एकादशीला वसई परिसरातील निर्मळ येथे शंकराचार्यांच्या समाधिमंदिराजवळ जत्रा भरते. वसईची सुकेळी घेऊन विक्रेते बसतात, मुंबईपर्यंतची माणसे तळ्याच्या काठी गर्दी करतात. याच सुमारास, कोणाच्याही आमंत्रणाविना, उत्तरेकडची रानबदके कोकणातील तळ्यांवर आणि खाडीकाठच्या पाणथळीत उतरू लागतात. गावतळे हे एका मालकाचे नसते. भाविक, गुरे पाजणारा, मासे धरणारा, बांधावरचा भाजीवाला या सर्वांचे त्या पाण्याशी नाते असते आणि कोणी कोठवर जावे, याचे अलिखित संकेत पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात.

आज अशा पाण्यावर बंदूक दिसत नाही. कायद्याने ती तेथे चालवता येत नाही. मात्र गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हिवाळा म्हणजे बदकांच्या आणि हंसांच्या शिकारीचा हंगाम होता. शनिवारी शहरातून निघायचे, रात्री एखाद्या डाकबंगल्यात मुक्काम करायचा आणि पहाटे अंधारात पाण्याच्या काठी दबा धरून बसायचे, हा अनेक प्रतिष्ठितांचा शिरस्ता होता. तलाव सार्वजनिक, पक्षी कोणाच्याच मालकीचे नाहीत आणि बंदुका पाच-दहा. अशा वेळी कोणी कोठे उभे राहावे, पहिला बार कोणी काढावा, दोघांच्या छऱ्यांनी पडलेला पक्षी कोणाचा, जखमी होऊन लव्हाळ्यात शिरलेल्या पक्ष्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कायद्यात नव्हती. ती शिकाऱ्यांच्या शिष्टाचारात होती.

या शिष्टाचारात लहानाचा मोठा झालेला, त्याचे गुण जाणणारा आणि त्याच्या मर्यादाही जवळून पाहिलेला एक माणूस मुंबईत होऊन गेला. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून जगाने ओळखलेले डॉ. सलीम अली हे मूळचे शिकारी होते. त्यांच्या जन्मदिनी, १२ नोव्हेंबरला, महाराष्ट्रातील पक्षी सप्ताहाची सांगता होते. त्यांच्या आयुष्याकडे या वेगळ्या बाजूने पाहिले की, सार्वजनिक जागा वाटून घेण्याच्या एका जुन्याच प्रश्नाचा इतिहास समोर येतो.

खेतवाडीतील एअरगन

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. पोरक्या मुलांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील घरात आपलेसे केले. अमिरुद्दीन हे शिकारीचे षौकीन आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. घरात बंदुका होत्या आणि शिकारीच्या पुस्तकांची रेलचेल होती. आळीतील मुलांच्या नेमबाजीच्या स्पर्धा लागत. पुढे पाकिस्तानचे पहिले अध्यक्ष झालेले इस्कंदर मिर्झा हे नात्यातले आणि त्या नेमबाजीतले तरबेज सवंगडी होते. मोठेपणी नामांकित शिकारी व्हायचे, हे लहानग्या सलीमचे स्वप्न होते.

दहा-बारा वर्षांच्या या मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली आणि तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मामांनी त्याला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे ओळखले, कपाटे उघडून भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. या प्रसंगाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. मिलार्ड यांनी त्या मुलाच्या हातातली बंदूक काढून घेतली नाही. मारलेल्या पक्ष्याची नोंद कशी ठेवायची, त्याचे कातडे कसे जतन करायचे, हे त्यांनी शिकवले. मारलेल्या जिवाचा हिशेब देता आला पाहिजे, हा सलीम अलींना मिळालेला पहिला धडा होता आणि तो त्यांनी जन्मभर पाळला.

त्या काळची सोसायटीच मुळी अशा माणसांची होती. १८८३ साली आठ जणांनी ती स्थापन केली, त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते. सभासदांत लष्करी अधिकारी, वनाधिकारी, मुलकी अंमलदार यांचा भरणा असे आणि त्यांपैकी पुष्कळांचा निसर्गाशी परिचय बंदुकीच्या नळीतूनच झालेला असे. भारतातील बदकांविषयीचे स्टुअर्ट बेकर यांचे गाजलेले लेखन प्रथम या सोसायटीच्या नियतकालिकात आले, ते शिकारी वाचकांसाठीच. १९०८ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. शास्त्र आणि शिकार यांच्यातील भिंत तेव्हा उभी राहिली नव्हती.

एका पाण्यावर पाच बंदुका

पाणपक्ष्यांची शिकार वाघाच्या शिकारीहून वेगळी. वाघामागे एक बंदूक असली तरी भागते. मोठ्या तलावावर एकटा शिकारी मात्र हतबल ठरतो, कारण एका काठावर बार झाला की, सारे थवे उठून दुसऱ्या काठाला जातात. पक्षी हवेत फिरते ठेवायचे तर चार बाजूंना चार माणसे हवीत. स्पर्धकांना एकमेकांची गरज असते, म्हणूनच येथे शिष्टाचार जन्माला आला.

हंसांच्या बाबतीत तर तो अधिकच कडक. हिमालयापलीकडून येणारा पट्टकादंब आणि त्याचा भाऊबंद कलहंस हे अत्यंत सावध पक्षी. दिवसा ते नदीच्या वाळूवर किंवा तलावाच्या मधोमध विसावतात आणि संध्याकाळनंतर हरभरा-गव्हाच्या कोवळ्या पिकात चरायला उतरतात. कोकणात ते क्वचितच दिसतात. गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वर आणि जायकवाडी, तसेच उजनीच्या पाण्यावर ते हिवाळ्यात येतात. त्यांना गाठायचे तर पहाटे शेतातून पाण्याकडे परतताना, त्यांच्या ठरलेल्या वाटेखाली लपून बसावे लागे. एकाने उतावीळपणा केला, की सगळ्यांची रात्रभराची थंडी आणि प्रतीक्षा फुकट.

म्हणून काही संकेत सर्वमान्य झाले होते. जो आधी येऊन बसला, त्याच्या पुढे जाऊन दुसऱ्याने दबा धरायचा नाही. ठरलेल्या वेळेपूर्वी, कितीही जवळून थवा गेला तरी बार काढायचा नाही. आपल्या वाट्याच्या आकाशापलीकडे बंदूक फिरवायची नाही आणि शेजाऱ्याच्या रांगेवरून खालून उडणाऱ्या पक्ष्यावर तर मुळीच नेम धरायचा नाही. छऱ्याच्या बंदुकीचा पल्ला चाळीस गजांच्या आसपास. त्याहून उंचावरच्या थव्यावर नुसता बार टाकणे हा मोठा अपराध मानला जाई, कारण त्याने पक्षी पडत नाही, जखमी मात्र होतो आणि मागचे थवे वाट बदलतात. बसलेल्या पक्ष्यावर बार काढणे कमीपणाचे. जखमी पक्षी शोधून काढल्याखेरीज पुढच्याकडे वळायचे नाही. बांध ओलांडताना बंदुकीतली काडतुसे काढायची. हंस रात्री विसावतात त्या जागेवर कधीच हल्ला करायचा नाही, नाहीतर ते तो तलावच सोडतात. शिकार संपल्यावर पक्षी कोणी किती पाडले याचा वाद न घालता सर्वांत वाटून घ्यायचे. शेतातून जायचे तर शेतकऱ्याची परवानगी घ्यायची आणि पाण्यात उतरून पक्षी आणून देणाऱ्या गावकऱ्यांना त्यांचा मोबदला द्यायचा.

या नियमांत विनय होता आणि व्यवहारही होता. उद्या पुन्हा याच माणसांबरोबर याच पाण्यावर यायचे आहे, ही जाणीव त्यामागे होती. कायदाही होता, पण तोकडा. १८८७ चा आणि नंतरचा १९१२ चा पक्षी-प्राणी संरक्षण कायदा मुख्यत्वे विणीच्या हंगामात शिकारीला मज्जाव करण्यापुरता होता. बाकी सारे माणसांच्या सभ्यतेवर सोडलेले होते.

तवॉय ते बर्लिन

सलीम अलींचे शिक्षण रखडत चालले. डोकेदुखीने शाळा सुटली, हवापालटासाठी सिंधमध्ये राहावे लागले, १९१३ मध्ये कशीबशी मॅट्रिक झाली. सेंट झेवियर्स महाविद्यालयात मन रमले नाही. घरच्या लाकडाच्या आणि वुल्फ्रॅमच्या खाणीच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात तवॉयला गेले. धंद्यापेक्षा तेथील अरण्यातच त्यांचे पाय अधिक वळत. १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा आणि हिशेबाचे शिक्षण घेतले, तर सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांच्या आग्रहामुळे प्राणिशास्त्राचेही. १९१८ च्या डिसेंबरमध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी लागली. पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्याची दारे मात्र बंदच राहिली.

१९२८ मध्ये ते रजा घेऊन बर्लिनला गेले. तेथील संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांना खऱ्या अर्थाने गुरू लाभला. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांना पकडून, पायात वळे अडकवून, पुन्हा सोडून देण्याचे तंत्र त्यांनी पाहिले. पक्षी हातात घेऊन त्याची माहिती मिळवायची आणि तरीही त्याला जिवंत जाऊ द्यायचे, ही कल्पना बंदुकीवर वाढलेल्या माणसाला नवी होती. १९३० साली ते परतले तेव्हा म्युझियममधील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली होती. बेकारीच्या त्या दिवसांत अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, त्याने त्यांचे नाव झाले. त्या अभ्यासाला हवी होती ती केवळ चिकाटी आणि एका जागी तासन्‌तास निश्चल बसण्याची सवय. ती सवय शिकारीने लावलेली होती.

यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांतून त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. संस्थानिकांचा आश्रय आणि त्यांच्या राखीव शिकारभूमी, या दोन्हींवर ही पाहणी अवलंबून होती. घराजवळ, हुमायून अब्दुलअली यांच्याबरोबर त्यांनी मुंबई आणि साष्टीतील पक्ष्यांची लेखमाला १९३६ ते १९३९ या काळात सोसायटीच्या नियतकालिकातून लिहिली. तिची हद्द वसईच्या खाडीच्या दक्षिण तीराशी संपते. खाडीच्या उत्तरेला, निर्मळ आणि सोपाऱ्याच्या बाजूला, तेच पक्षी तशाच पाण्यावर उतरत होते. पक्ष्यांना जिल्ह्यांच्या सीमा ठाऊक नसतात, हे पुढे वळ्यांनी सिद्ध करून दाखवले.

भरतपूरचा शिलालेख

शिष्टाचार अंगी बाणलेल्या माणसांच्या हातूनही काय घडू शकते, याचा पुरावा राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेवाच्या देवळाशेजारी दगडात कोरलेला आहे. तेथील खोलगट जमिनीत अजान बांधाचे पाणी सोडून भरतपूर संस्थानाने बदकांच्या शिकारीसाठी विस्तीर्ण पाणथळ तयार केली होती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्यासाठी झालेल्या शिकारीपासून १९६४ पर्यंतच्या मोठ्या शिकारींची नोंद या शिळांवर आहे. पाहुण्याचे नाव, तारीख, बंदुकांची संख्या आणि पडलेल्या पक्ष्यांची संख्या असे सारे तपशील आहेत. सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मानार्थ झालेल्या त्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. योगायोग असा, की त्याच दिवशी सलीम अलींना ४२ वर्षे पूर्ण झाली.

भरतपूरला शिष्टाचारात उणे नव्हते. प्रत्येक पाहुण्यासाठी आडोसा आधीच नेमून दिलेला होता. मानपानाप्रमाणे जागा ठरत, पक्षी गोळा करायला माणसे असत, वर्षभर कोणी चोरून शिकार करू नये म्हणून पहारा असे. दोन शिकाऱ्यांमध्ये भांडण होण्याचे कारणच उरलेले नव्हते. तरीही एका दिवसात चार हजारांवर पक्षी पडले. हा शिष्टाचार बंदूकवाल्यांनी बंदूकवाल्यांसाठी रचलेला होता. कोणी कोठे उभे राहावे, हे तो सांगत होता. कोठे थांबावे, हे सांगण्याची त्याची तयारी नव्हती. पाहुणा जितका मोठा तितका आकडा मोठा, हाच यजमानाचा सन्मान ठरला होता.

सलीम अलींनी या परंपरेकडे भाबडेपणाने पाहिले नाही आणि तिचा सरसकट धिक्कारही केला नाही. अहिंसेच्या धार्मिक भूमिकेतून ते संरक्षणाचा पुरस्कार करीत नसत. शास्त्रीय अभ्यासासाठी त्यांनी स्वतः पक्षी मारले होते आणि त्याची लाज बाळगण्याचे त्यांना कारण वाटत नव्हते. मर्यादेत राहणारा जबाबदार शिकारी रानाचा शत्रू नसतो, असे ते मानत. भरतपूरची पाणथळ टिकली ती शिकारीसाठी राखली गेली म्हणूनच, हेही त्यांना दिसत होते. स्वातंत्र्यानंतर ती कोरडी करून शेतीसाठी वाटावी, अशी मागणी जोर धरू लागली तेव्हा ती वाचवण्याची खटपट करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. पंडित नेहरूंना पक्ष्यांविषयी आस्था होती, तिचाही उपयोग झाला. १९५६ मध्ये भरतपूर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. माजी महाराजांचे शिकारीचे हक्क मात्र पुढेही काही वर्षे चालू राहिले.

या काळात त्यांचे व्यक्तिगत आयुष्य पार बदलून गेले होते. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. रानोमाळ साथ देणारी सहचारिणी गेल्यावर ते बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे पाली हिलवर राहू लागले आणि कामात बुडून गेले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आले आणि सामान्य वाचकाला हातात बंदूक न घेता पक्षी ओळखण्याची सोय झाली. १९४५ मध्ये त्यांनी कैलास-मानसरोवराची यात्रा केली ती पक्ष्यांसाठी. हिवाळ्यात आपल्याकडच्या पाण्यावर उतरणारे पट्टकादंब उन्हाळ्यात त्या उंच सरोवरांच्या प्रदेशात घरटी करतात. येथे पडणारा प्रत्येक पक्षी तिकडच्या एका घरट्यातून वजा होतो, हा हिशेब तलावाच्या काठी बसलेल्या शिकाऱ्याला दिसत नसे.

संकेत तुटले तेव्हा

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात शिकारीचे स्वरूप झपाट्याने पालटले. युद्धानंतर जीपगाड्या सहज मिळू लागल्या, पीकसंरक्षणासाठी बंदुकांचे परवाने सढळपणे दिले गेले आणि रात्री दिव्याच्या झोतात शिकार करणारे नवे शिकारी तयार झाले. जुने संकेत टिकून होते ते ओळखीवर. उद्या क्लबात त्याच माणसाला तोंड दाखवायचे आहे, हा त्यांचा आधार होता. कोठून तरी आलेल्या आणि पुन्हा न येणाऱ्या बंदूकवाल्याला तो धाक नव्हता. सार्वजनिक पाणी सर्वांचे असते, त्यामुळे ते कोणाचेच राहत नाही, याचा प्रत्यय येऊ लागला.

अलिखित संकेत कायद्यात उतरवण्याचे काम मुंबई राज्यात झाले आणि त्यात सलीम अलींच्या जवळच्या वर्तुळाचा मोठा वाटा होता. त्यांचे नात्यातले आणि लेखनातले सहकारी हुमायून अब्दुलअली हे स्वतः कसलेले शिकारी. १९५१ च्या मुंबई वन्य पशु-पक्षी संरक्षण कायद्याच्या जडणघडणीत त्यांनी पुढाकार घेतला. शिकारीचे परवाने, बंद हंगाम, कोणता प्राणी मारता येईल आणि कोणता नाही याची वर्गवारी, हे सारे त्यात आले. शिकाऱ्यांनीच शिकाऱ्यांना आवर घालणारा कायदा लिहिला, ही त्याची विशेषता. पुढे १९७२ मध्ये देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही काही प्राण्यांसाठी परवान्याने शिकारीची तरतूद होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने संपली. सलीम अलींचे सारे आयुष्य परवान्याच्या शिकारीच्या काळातच गेले.

जाळेवाल्यांचे ज्ञान

शिकाऱ्यांच्या जुन्या शिष्टाचारात आणखी एक घटक वगळलेला होता. जाळी आणि फासे लावून पोट भरणाऱ्या जमाती त्यात बसत नव्हत्या. महाराष्ट्रातील फासेपारधी असोत वा बिहारमधील मीरशिकार, साहेबांच्या दृष्टीने ते चोरटे शिकारीच. बंदूकवाल्याची शिकार हा खेळ, जाळेवाल्याची शिकार हा गुन्हा, अशी सरळ विभागणी होती. पारध्यांसारख्या जमातींवर तर इंग्रजी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्काच मारला होता.

सलीम अलींनी ही विभागणी एका ठिकाणी ओलांडली. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात गोचिडांमुळे पसरणारा ताप उद्‌भवला. स्थलांतरी पक्ष्यांचा त्याच्याशी संबंध असावा काय, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेला माहिती हवी होती. ती संधी साधून सोसायटीने पक्ष्यांना वळी घालण्याचा देशव्यापी प्रकल्प उभारला. हजारो पक्षी जिवंत आणि धक्का न लावता पकडायचे, तर ते कसब कोणत्याही प्राणिशास्त्राच्या पदवीधराकडे नव्हते. ते मीरशिकारांकडे होते. सोसायटीने त्यांना कामावर घेतले. कोणता पक्षी कोठे उतरेल, कोणत्या फाशात पाय अडकेल पण मोडणार नाही, हे पिढीजात ज्ञान आता शास्त्राच्या कामी आले. भरतपूरच्या ज्या पाण्यावर आडोशांतून बार निघत, तेथेच जाळी लागली आणि वळे घातलेली बदके सोडली जाऊ लागली. त्यांतील काही वळी सोव्हिएत संघातून परत कळवली गेली. व्हाइसरॉयच्या आकड्यांपेक्षा ही एकेक नोंद अधिक मोलाची होती. या प्रकल्पाला मिळालेल्या परदेशी लष्करी पैशांवरून पुढे वादही झाले आणि सलीम अलींना त्यांना तोंड द्यावे लागले.

म्हशींनी दिलेला धडा

मानसन्मान उतारवयात चालून आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९७५ सालचा जे. पॉल गेटी पुरस्कार. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला. सायलेंट व्हॅली वाचवण्याच्या लढ्यात त्यांचा शब्द वजनदार ठरला. १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावात बालपणीची ती चिमणी आहे.

याच काळात भरतपूरने पुन्हा एकदा कसोटी पाहिली. अभयारण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ मध्ये आसपासच्या गावांच्या गुरांना तेथे चरायला बंदी करण्यात आली. गुरांमुळे पक्ष्यांचा अधिवास बिघडतो, असे सलीम अलींसह अनेक तज्ज्ञांचे मत होते. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणारे गावकरी विरोधात उभे राहिले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. पाण्याच्या काठी बंदूक पुन्हा चालली, या वेळी पक्ष्यांच्या नावाने.

नंतर जे घडले ते सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी प्रांजळपणे नोंदवले. दहा वर्षांच्या अभ्यासातून असे दिसले, की म्हशी पाण्यातले गवत खात होत्या तोवर पाणी मोकळे राहत होते. म्हशी गेल्या आणि गवत माजले. मोकळ्या पाण्याची गरज असलेल्या बदकांची आणि हंसांची संख्या घटली. गावकऱ्यांचा त्या पाण्यावरचा वावर हा पाणथळीच्या घडणीचाच भाग होता. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा, १९९१ मध्ये, सलीम अली हयात नव्हते. २० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते. आपल्या मताच्या विरोधात जाणारा पुरावा त्यांनीच घडवलेल्या संस्थेने पुढे आणला, यात त्यांच्या शिकवणीचा पराभव नाही. मारलेल्या चिमणीची नोंद प्रामाणिकपणे ठेवायची, या मिलार्ड यांच्या धड्याशी तो सुसंगतच होता.

पाण्याच्या काठी

एका दीर्घ आयुष्यात सलीम अलींनी पाणथळीवरचे चार काळ पाहिले. शिष्टाचार पाळणाऱ्या निवडक बंदुकांचा, ओळख नसलेल्या बेबंद बंदुकांचा, कायद्याचा आणि अखेर कुंपणाचा. प्रत्येक वेळी प्रश्न तोच होता. सर्वांच्या पाण्यावर कोणाला किती हक्क, आणि नियम ठरवताना कोणाला विचारायचे. शिकाऱ्यांच्या संकेतांनी एकमेकांना विचारले, पक्ष्याला आणि गावाला वगळले. कुंपणाने पक्ष्याला विचारात घेतले, गावाला वगळले. दोन्ही वेळा वगळलेल्याची किंमत सर्वांनाच मोजावी लागली.

म्हणून जुना शिष्टाचार टाकाऊ ठरत नाही. आधी आलेल्याच्या पुढे जाऊ नये, विसाव्याच्या जागी पक्ष्यांना उठवू नये, शेतकऱ्याला विचारून शेतात पाय ठेवावा, हे संकेत आज बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन तलावाकाठी जमणाऱ्यांनाही तंतोतंत लागू पडतात. छायाचित्रासाठी थवा मुद्दाम उठवणे आणि पल्ल्याबाहेरच्या थव्यावर बार टाकणे, यांत वृत्तीचा फरक फारसा नाही. लांबून उडून आलेल्या पक्ष्याची शक्ती दोन्हींत वाया जाते.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह जाहीर केला. तो मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो. त्याच कार्तिकाच्या दिवसांत निर्मळच्या तळ्याकाठी जत्रेचे दिवे लागतात. भाविक, विक्रेते, गावकरी आणि रात्री उतरलेली बदके एकाच परिसरात असतात. कोणी कोठवर जावे, हे तेथे आजही मुख्यतः कायदा सांगत नाही. ते माणसांनी आपसांत ठरवायचे असते, आणि ठरवताना न बोलणाऱ्या पाहुण्यांची जागा मोकळी ठेवायची असते. शिकारी म्हणून आयुष्य सुरू केलेल्या सलीम अलींना या एका गोष्टीपर्यंत पोहोचायला पाऊण शतक लागले.